मागे कोण बसणार?

मराठी मध्यमवर्गीय पुरुषाने चाळिशी गाठली की डोळ्यांवर चाळिशी येते आणि डोळ्यांपुढे थार. पहिलीवर चष्म्याच्या दुकानात इलाज होतो. दुसरी बरेच दिवस घरच्यांच्या ध्यानातही येत नाही. गृहस्थ जेवता जेवता मोबाइल बघत असतो आणि मध्येच "बाप रे, साडेसहाशे मिलिमीटर!" असं पुटपुटतो. बायकोला वाटतं पावसाचा आकडा असेल, महाबळेश्वरला झोडपलेलं दिसतंय. तो आकडा असतो महिंद्रांची थार किती खोल पाण्यातून बंद न पडता जाऊ शकते याचा.

हा गृहस्थ कोथरूडला राहतो. तो ठाण्यालाही राहतो, नाशिकला राहतो, कोल्हापुरात तर गल्लोगल्ली राहतो. त्याचं ऑफिस घरापासून आठ-नऊ किलोमीटरवर असतं. वाटेत एक नदी लागते, पण तिच्यावर पूल आहे. त्या पुलावर सकाळच्या वेळी कुठलीच गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. तरीही समोरच्या चढाला बंपर न घासता गाडी किती अंशांत भिडेल, याचा अभ्यास त्याने केलेला असतो. ४१ अंशांहून जास्त. हे तो ऑफिसात सांगतो, साडूला सांगतो, इस्त्रीवाल्यालाही सांगतो. इस्त्रीवाला कपडे मोजत विचारतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?"

गृहस्थ म्हणतो, "तसं ते चालवण्यावर असतं."

ज्या गाडीचं अ‍ॅव्हरेज चालवण्यावर असतं ती गाडी कमी देते, हे महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. इस्त्रीवाला पुढे काही बोलत नाही. "शर्ट सहा, पँट चार," एवढंच म्हणतो. पण त्या "सहा"मध्ये त्याला काय म्हणायचं असतं ते गृहस्थाच्या जिव्हारी लागतं.

मग एक रविवार उजाडतो आणि "नुसतं बघून येऊ" असं ठरतं. मराठी घरात महत्त्वाच्या सगळ्या खरेद्या नुसतं बघून येण्यातच झालेल्या असतात, त्यामुळे बायको सावध असते. ती म्हणते, "आईंनाही घेऊ बरोबर, तेवढंच त्यांना बाहेर पडणं होईल." गृहस्थाला या वाक्यातला डाव कळत नाही. त्याच्या डोक्यात त्या वेळी दोन गिअरच्या दांड्या असतात. एक नेहमीची आणि तिच्या शेजारी एक आखूड, चारही चाकांना ताकद देणारी.

शोरूममध्ये गेल्यावर सेल्समन म्हणतो, "सर, बसून बघा ना." सर बसतात. त्या उंचीवरून शोरूमच्या काचेपलीकडचा अख्खा रस्ता दिसतो, स्कूटरवाल्यांची टकलं दिसतात, दुभाजकावर महापालिकेने काय लावलंय आणि त्यातलं काय वाळलंय तेही दिसतं. तिथे पाच मिनिटं बसलेला माणूस नगरसेवकपदाचा विचार करू लागतो. तो स्टिअरिंगवर हात ठेवून गंभीर चेहऱ्याने पुढे बघतो. त्याच्या नजरेसमोर ताम्हिणी घाट असतो, धुकं असतं. त्याच वेळी खालून आईचा आवाज येतो.

"अरे, मी कुठे बसायचं?"

"मागे."

"मागे जायचं कुठून?"

तीन दारांच्या थारला मागे जायला वेगळं दार नाही. पुढची सीट दुमडायची, पाय उचलून पायरीवर ठेवायचा, मान वाकवायची आणि त्या फटीतून आत शिरायचं. सेल्समन हे सगळं एका झटक्यात करून दाखवतो. तो चोवीस वर्षांचा असतो आणि त्याने साडी नेसलेली नसते. आई त्या फटीकडे बघते, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघते आणि म्हणते, "याच्यापेक्षा पर्वती बरी रे. तिला पायऱ्या तरी आहेत."

तरीही लेकाचं मन मोडू नये म्हणून ती चढते. एक हात सुनेच्या खांद्यावर, एक सेल्समनच्या, नातू मागून आधाराला. आत पोचल्यावर टाळ्या वाजतात. बाहेर काढणं हे वेगळं प्रकरण निघतं. अर्ध्या तासाच्या प्रयत्नांनंतर आतून आवाज येतो, "मी इथेच बसते. तुम्ही दसऱ्याला डिलिव्हरी घ्यायला याल तेव्हा भेटू."

इकडे सूनबाईंनी डिकी उघडायला सांगितलेली असते. काच वर जाते, स्टेपनीसकट दार बाजूला उघडतं, आणि मागच्या सीटच्या पाठीमागे जी जागा दिसते तिच्याकडे ती थोडा वेळ बघत राहते.

"यात काय मावतं?"

"मॅडम, मागची सीट फोल्ड केली की भरपूर जागा होते."

"आणि सासूबाई?"

सेल्समन ब्रोशर आणायला जातो तो परत येत नाही.

गंमत अशी, की याच खानदानातल्या गाड्यांत एके काळी अख्खं गाव मावत होतं. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत माझगावला विलिज जीप जोडायला सुरुवात केली. तेव्हा ती कुणाच्या हौसेची गाडी नव्हती. ती लष्कराची, मामलेदाराची, इंजिनिअरसाहेबाची गाडी होती. पुढे तिची लांब केलेली भावंडं आली, कमांडर वगैरे. पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली. या मंडळींनी सातारा-सांगली-कोल्हापूर भागात वडाप नावाची संस्था उभी केली. आसनक्षमता ही कल्पना वडापला मान्य नव्हती. पुढे ड्रायव्हरच्या डावीकडे तिघं आणि उजवीकडे एक, त्यामुळे गाडीत नेमका कोण बसलाय आणि चालवतोय कोण हे समोरून कळत नसे. मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांवर किती जण आहेत हे खुद्द बसलेल्यांना सांगता येत नसे. टपावर बोचकी, पायाशी दुधाच्या किटल्या, एखादी कोंबडी, मागच्या पायरीवर लोंबकळणारी कॉलेजची पोरं, आणि तरी "एक शीट, एक शीट! कराड, कराड!" ही हाळी चालूच. सत्तरीच्या म्हाताऱ्या या गाडीत विनातक्रार चढत, कारण आत ओढायला चार हात असत आणि बाहेरून लोटायला सहा. विदर्भ-मराठवाड्यात हेच काम काळीपिवळीने केलं. एसटी महामंडळ या सगळ्यांच्या नावाने बोटं मोडत राहिलं.

त्या वंशाची ही आजची नात नाशिकमध्ये बनते, दहा लाखांच्या आसपास सुरू होते आणि चौघांना घेते. त्यातले दोघं नाराजीने बसतात.

आता दुसरी बाजू, मारुतीची वॅगनआर. तिचे व्हिडिओ कुणी रात्री पांघरुणात बघत नाही. डिसेंबर १९९९मध्ये ती भारतात आली तेव्हा लोकांनी तिला डबा म्हटलं, आणि पंचवीस वर्षांत तिच्या सौंदर्याबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं ऐकिवात नाही. तरी २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सगळ्यांत जास्त खपलेली कार तीच होती. १ लाख ९८ हजारांहून अधिक गाड्या, आणि तेही सलग चौथ्या वर्षी पहिला नंबर. कंपनी असंही सांगते की तिच्या गिऱ्हाइकांपैकी चारातला एक जण पुन्हा वॅगनआरच घेतो. या चारातल्या एकाशी सोसायटीच्या लिफ्टमध्ये होणारं संभाषण असं असतं :

"काय हो, गाडी बदलली म्हणे?"

"हो, बदलली."

"वा! कुठली घेतली?"

"वॅगनआर."

"आणि आधीची?"

"वॅगनआर."

"मग बदललं काय?"

"रंग. आधी चंदेरी होता."

"आता?"

"पांढरा."

एवढ्यात चौथा मजला येतो आणि एका आयुष्याचा थरार संपतो.

पण तिचं दार उघडलं की ते पूर्ण उघडतं. सीट कमरेच्या उंचीवर असते. आईला ना खाली बसावं लागतं ना वर चढावं लागतं. ती नुसती वळते आणि बसलेली असते. डिकी ३४१ लिटरची आहे. लिटर हे माप दुधाखेरीज कुणाला कळत नाही, म्हणून मराठीत सांगायचं तर दोन मोठ्या बॅगा, देवगडहून आलेल्या हापूसच्या दोन पेट्या आणि मावशीने आग्रहाने दिलेला फणस. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे एक लिटरच्या इंजिनाची पेट्रोल वॅगनआर लिटरला चोवीस किलोमीटरच्या वर जाते. हा आकडा ऐकून इस्त्रीवाला प्रथमच मान वर करून गृहस्थाकडे बघतो.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण एकदा हिशेबाला बसलेला मराठी माणूस लवकर उठत नाही. चोवीसवर समाधान मानायचं कशाला, सीएनजीची घेतली तर किलोला चौतीस मिळतात! तो आठवडाभर कागदावर आकडेमोड करतो, पाच वर्षांत किती वाचतील ते काढतो, त्या पैशांचं सोनं घेतलं असतं तर किती झालं असतं तेही काढतो आणि सीएनजी वॅगनआर घरी आणतो. नारळ फुटतो, चाकांखाली लिंबं चिरडली जातात. मग बायको हौसेने डिकी उघडते. डिकीत टाकी बसलेली असते.

ज्या डिकीपायी थार नाकारली ती डिकीच गेली. फणस आता आईच्या मांडीवर प्रवास करतो. आणि दर तीन-चार दिवसांनी गृहस्थ गॅसच्या पंपावर रिक्षांच्या रांगेत उभा असतो. तिथे त्याच्या पुढे-मागे रिक्षावाले असल्यामुळे त्याला राजकारण, लग्नाळू मुलांचे प्रश्न आणि मूळव्याधीवरचे उपाय यांचं चांगलं ज्ञान मिळतं, ही बाब कागदावरच्या आकडेमोडीत धरलेली नव्हती.

दुसरा त्रास वेगळाच. पांढरी वॅगनआर रेल्वे स्टेशनसमोर दोन मिनिटं उभी केली तर माणसं आपणहून दार उघडून आत बसतात. मुंबईत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून गेली त्याच्या कितीतरी आधीपासून काळा-पिवळा रंग वॅगनआरच्या अंगावर चढलेला आहे, आणि अ‍ॅपवरच्या टॅक्सींत तर ती जागोजागी दिसते. त्यामुळे पाहुण्यांना घ्यायला गेलेला गृहस्थ मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असताना मागून आवाज येतो.

"वारजे. ओटीपी सांगू का?"

"अहो, ही खासगी गाडी आहे."

"मग कॅश देतो."

यातल्या काही जणांनी संकोचापोटी त्या प्रवाशाला वारज्याला सोडल्याची उदाहरणं आहेत. थारमध्ये आजवर असं कुणी चुकून शिरलेलं नाही. मुद्दाम शिरणंच इतकं अवघड आहे.

थारवाल्याचे मुद्दे सगळेच हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत, हेही कबूल करायला हवं. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत २०२०मध्ये थारला पाचपैकी चार तारे मिळाले होते. वॅगनआरला २०२३च्या चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी एक मिळाला आणि लहान मुलांच्या सुरक्षेसाठी एकही नाही. सहा एअरबॅग तिच्या सगळ्या प्रकारांत आल्या त्या २०२५मध्ये. म्हणजे समंजस, व्यवहारी म्हणून घेतलेल्या गाडीत नेमका हाच एक कॉलम रिकामा होता, आणि तो कुणी विचारलाच नव्हता. सगळे अ‍ॅव्हरेज विचारत होते. हा गृहस्थाच्या हातातला हुकमाचा एक्का. पण तो टाकायची वेळही चुकते. तो नेमका त्या दिवशी म्हणतो, "आपल्या सुरक्षेसाठी तरी थार घेऊ," आणि बायको विचारते, "मग स्कूटरवरून जाताना हेल्मेट कुठे असतं तुझं?"

सरकारचाही त्याला पाठिंबा आहे. चार मीटरच्या आतली गाडी ती लहान गाडी, हा हिशेब २००६च्या अर्थसंकल्पापासून चालत आलाय. थारची लांबी ३९८५ मिलिमीटर. लहान असण्याच्या हद्दीत ती दीड सेंटिमीटरने बसते. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा दीड लिटर डिझेलची थार आणि वॅगनआर एकाच १८ टक्क्यांच्या कप्प्यात येऊन बसल्या. गृहस्थाने ही बातमी घरात मोठ्याने वाचून दाखवली. "बघ, कायद्याने दोघी सारख्याच आहेत."

त्याने एक गोष्ट मात्र वाचली नाही. ती स्वस्त, दीड लिटरची थार जानेवारी २०२३मध्ये आली ती मागच्या दोनच चाकांना ताकद देते. आखूड दांडी तिच्यात नाही. ज्या दांडीसाठी एवढा जीव टाकला ती दांडी वगळून उरलेली थार लोकांनी आनंदाने घेतली, आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही अडलंही नाही. ज्यांच्याकडे दांडी आहे त्यांचंही तिच्यावाचून अडलेलं दिसत नाही. ती पाहुणे आले की दाखवायला लागते. "ही फोर लो." पाहुणे म्हणतात, "अच्छा." मग सगळे पोहे खायला आत जातात.

त्या दांडीचा उपयोग शिकायचा असेल तर इगतपुरीजवळ महिंद्रांची ऑफ-रोड शिकवणारी अकादमी आहे. तिथे चिखल, चढ, खड्डे मुद्दाम तयार केलेले आहेत. उर्वरित महाराष्ट्रात ते आपोआप तयार होतात. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११पासून चाललंय. दर गणपतीला चाकरमानी त्या रस्त्याने कोकणात जातात, आणि कशातून जातात? वॅगनआरमधून, अल्टोमधून, ईको व्हॅनमधून. मांडीवर मखर, पायाशी नारळ, टपावर ताडपत्री. चाकं बारकी, ग्राउंड क्लिअरन्स बेताचा, माणसं सहा. एखादा खड्डा आला की "उतरा रे, दोघं उतरा" म्हणायचं, गाडी हलकी करायची, खड्ड्यातून काढायची आणि पुन्हा बसायचं. याला त्यांच्यापैकी कुणीही ऑफ-रोडिंग म्हणत नाही. याला गावाला जाणं म्हणतात. त्याच वेळी २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची एखादी थार लोणावळ्याच्या अलीकडे गुळगुळीत द्रुतगती मार्गावर उभी असते. मालक पावसाचा फोटो काढत असतो. गाडीला चिखल लागू नये म्हणून ती डांबरावरच ठेवलेली असते.

ज्यांनी ती खरोखर बाहेर काढली त्यांचं काय झालं ते वर्तमानपत्रात येऊन गेलंय. जून २०२४मध्ये कच्छमधल्या मुंद्र्याजवळ रील काढायला दोन थार समुद्रात घातल्या गेल्या. साडेसहाशे मिलिमीटर हा आकडा समुद्राला कुणी कळवलेला नसावा. दोन्ही रुतल्या, पोरांवर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्याआधी डिसेंबर २०२३मध्ये लाहौलमध्ये एकाने ट्रॅफिक जॅम टाळायला थार सरळ चंद्रा नदीत घातली. ती गाडी पार झाली, पण पलीकडे पोलिसांची पावती आली. कोकणाच्या किनाऱ्यांवर तर भरतीच्या वेळी रुतलेली गाडी ही आता नवलाईची गोष्ट उरलेली नाही. गावातला ट्रॅक्टरवाला शांतपणे येतो, दोर बांधतो, आधी पैसे घेतो आणि मग ओढतो. पुण्या-मुंबईच्या गाड्यांचं फोर बाय फोर खरं म्हणजे त्या ट्रॅक्टरमध्ये असतं.

पार्किंगचं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. महाराष्ट्रातल्या बांधकाम नियमांत मोठ्या मोटारीच्या जागेची रुंदी अडीच मीटर धरलेली आहे. थार १८२० मिलिमीटर रुंद. म्हणजे गाडी बरोबर मधोमध लावली तर प्रत्येक बाजूला ३४ सेंटिमीटर उरतात. बाजूंना दोनच दारं असल्यामुळे ती लांबलचक, आणि शेजारी खांब. चाळिशीनंतरचं पोट ३४ सेंटिमीटरमधून काढायचं तर श्वास रोखून, अंग तिरकं करून, शर्टाने शेजारच्या गाडीची धूळ पुसत बाहेर यावं लागतं. शेजारची गाडी वॅगनआर असते. तिचा मालक चहा पीत गॅलरीतून बघत असतो आणि तिथून म्हणतो, "सावकाश, घाई नाही."

प्रस्तुत लेखक या सगळ्यात तटस्थ आहे असं वाचकांनी समजू नये. त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर कुठल्या गाडीचं चित्र आहे हे तो सांगणार नाही. गाडीची चावी मात्र वॅगनआरची आहे.

हा रोग आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत फोर्डची एफ मालिका १९७७पासून दरवर्षी सर्वाधिक खपणारा ट्रक आहे. मागे उघडा हौदा, पुढे आपल्याकडच्या वन-बीएचके एवढी केबिन. तिथल्या एका बाजार-संशोधन कंपनीच्या पाहणीनुसार पिकअप बाळगणाऱ्या चारपैकी तिघांनी वर्षातून फार तर एकदा काही ओढून नेलेलं असतं. सुमारे सत्तर टक्के लोक वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा कच्च्या रस्त्याला लागत नाहीत, आणि तिघांतला एक जण त्या हौद्यात वर्षातून फार तर एकदा काही ठेवतो. न्यू जर्सीत एडिसनला किंवा टेक्ससमध्ये राहणारा मराठी इंजिनिअर पहिल्या वर्षी हे ट्रक बघून हरखतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्याचा उत्साह टिकतो तेवढा टिकतो. मग आईबाबा सहा महिन्यांसाठी येणार असल्याचं कळतं आणि तो टोयोटा कॅमरी घेतो. दुसरं मूल झालं की मिनीव्हॅन. मंडळाच्या गणपतीला मूर्ती त्या मिनीव्हॅनमधून येते, स्पीकर त्यातूनच येतात, पन्नास माणसांची मसालेभाताची पातेली त्यातूनच येतात. पिकअपवाला अमेरिकन शेजारी हे सगळं उतरवायला मदत करतो. त्याचा हौदा स्वच्छ असतो.

मधला मार्ग काढायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. मारुतीने जून २०२३मध्ये पाच दारांची जिम्नी आणली. खरी फोर बाय फोर, आटोपशीर, मागे आईसाठी दार. हौस आणि व्यवहार यांचा इतका नेमका मेळ, की दोन्ही गट तिला बघून परत गेले. हौशी म्हणाले, "ही मारुतीची आहे." व्यवहारी म्हणाले, "एवढ्यात दोन वॅगनआर येतील." हीच गुरुग्रामला बनणारी पाच दारांची जिम्नी जानेवारी २०२५च्या अखेरीस जपानमध्ये नेली तेव्हा चार-पाच दिवसांत सुमारे पन्नास हजार जणांनी नोंदणी केली आणि कंपनीला बुकिंग बंद करावं लागलं. जपानी माणूस अ‍ॅव्हरेज विचारत नाही की काय कोण जाणे.

महिंद्रांना मात्र शोरूममधल्या आईचं म्हणणं ऐकू गेलं असावं. १५ ऑगस्ट २०२४ला त्यांनी थार रॉक्स आणली. पाच दारांची. ३ ऑक्टोबरला बुकिंग उघडलं तेव्हा पहिल्या साठ मिनिटांत १,७६,२१८ जणांनी नाव नोंदवलं. एवढे साहसी वीर या देशात एका तासात जन्मले असं मानायला जागा नाही. ते आधीपासूनच होते; त्यांच्या आया फक्त मागच्या दारासाठी अडून बसलेल्या होत्या. रॉक्स घरी आली, आई सुखाने मागे बसली, डिकीत बॅगा मावल्या. आणि तिची लांबी ४४२८ मिलिमीटर असल्याने ती सोसायटीच्या जागेत शिरली, पण मागचं दार उघडायला भिंत आडवी आली.

तेव्हा ज्यांच्या डोळ्यांपुढून थार काही केल्या हलत नाही त्यांना एक सुचवायचं आहे. रोजच्याला वॅगनआरच ठेवावी, सीएनजीच्या मोहात न पडता. आणि वर्षातून दोन दिवस गोव्याला जाऊन थार भाड्याने घ्यावी. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या नंबराची, टप उघडा टाकलेली थार तिथे गल्लोगल्ली मिळते. अ‍ॅव्हरेज विचारायचं काम नाही, पार्किंगची कटकट नाही, आई पणजीला मावशीकडे. आखूड दांडी असलेलीच मागून घ्यावी आणि पाहुण्यांना दाखवायला फोटो काढून ठेवावा. फक्त डिपॉझिट परत हवं असेल तर तिला पाण्याजवळ नेऊ नये. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे.